‘आयएसए वन’ वाचताना

सुरतच्या डिंडोलीत खानदेशी वस्ती मोठी. श्रावणात कानबाई देवी बसते, अहिराणी गाणी रंगतात. ही गाणी घरीच रेकॉर्ड करणाऱ्याला कधी ना कधी माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या बाहेरच्या प्रीअँपचा मोह पडतोच. अशा वेळी फोकसराइटच्या ‘आयएसए वन’ची दर्शनी पट्टी ओळीओळीने वाचावी. घराणं खानदानी आहे: रुपर्ट नीव यांनी जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओसाठी घडवलेल्या ‘आयएसए ११०’चा हा वारस.

पहिली ओळ गेनची. साध्या डायनॅमिक माइकमधून जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट निघतात. ६० डेसिबल म्हणजे त्याची हजारपट. इथला गेन दहा-दहाच्या टप्प्यांनी ६० गाठतो, वर ट्रिमचे २०. सौंदर्य या आकड्यात नाही; दबक्या सुरात कानबाईचं गाणं म्हणणाऱ्या आजीला माइकसाठी आवाज चढवावा लागत नाही, यात आहे.

खरी रसाळ ओळ इम्पीडन्सची: ६००, १४००, २४००, ६८०० ओहम. डायनॅमिक किंवा रिबन माइकवर प्रीअँपचा भार किती पडावा, हे ती ठरवते. खाली आणलं की आवाज थोडा मिटतो, वर नेलं की वरची पट्टी मोकळी होते. माइक तोच, स्वभाव मात्र बदलतो. कंडेन्सरवर हा फरक फारसा जाणवत नाही.

तिसरी ओळ ७५ हर्ट्झच्या फिल्टरची. रस्त्यावरच्या ट्रकची घरघर ती बरीचशी गाळते. पण शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट त्याहून वरच्या पट्टीतही पसरलेला असतो. तो गाळला जात नाही, उलट गेनबरोबर तोही वाढतो.

आणि या पट्टीवर जे नाही तेही वाचायला हवं. माइकची वाट एकच आहे. ढोलकी, टाळ आणि कोरस एकदम घ्यायचा तर बेरिंजर ‘एडीए ८२००’सारखा आठ माइकचा डबा बरा, मात्र कॉम्प्युटरला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसला अडॅटचं (आठ चॅनल एकत्र नेणारं) ऑप्टिकल इनपुट हवं. ‘आयएसए वन’ जोडताना त्याचं आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्यावं. माइक इनपुटला दिलं, तर आवाज पुन्हा इंटरफेसच्याच प्रीअँपमधून जातो.

तेव्हा आधी खिडकी बंद करा, भिंतीला गोधड्या लावा. तरीही हलका आवाज खरखरीत बुडत असेल, तरच प्रीअँपला पैसे घाला.