एकच चित्र, अनेक रंग : शिळामुद्रित चित्रे व गिरण्यांची लेबले यांच्या संग्रहातील रंगभेदाचा प्रश्न (वऱ्हाडाच्या विशेष संदर्भात)

जुन्या मुद्रित कागदांचा संग्रह करणाऱ्यांना चित्राइतकेच आकर्षण रंगभेदाचे असते. लक्ष्मीच्या एका प्रतीत लुगडे गुलाबी, तर दुसऱ्या प्रतीत तेच विटकरी; कापडाच्या ताग्यावरील लेबलात मोर एकदा निळा, तर एकदा हिरवट. अशी जोडी हाती आली की त्यातील एक प्रत 'दुर्मिळ' ठरते आणि तिचे मोल वाढते. पाश्चात्त्य देशांत सिगारेटच्या पाकिटातून मिळणाऱ्या चित्रकार्डांच्या बाबतीत या छंदाला सूचीशास्त्राचे रूप आले आहे. आपल्याकडे तशी कार्डे संग्राहकांच्या फारशी वाट्याला आली नाहीत; परंतु त्याच काळात व त्याच तंत्राने छापलेले ओलिओग्राफ आणि कापडगिरण्यांची लेबले मात्र घराघरांत पोहोचली होती. त्यांच्यातील रंगभेद हा मुद्रणेतिहासाचा पुरावा होऊ शकतो. पण तो छापखान्यात निर्माण झाला की नंतर, हे ठरवल्याशिवाय त्यावरून काढलेला कोणताही निष्कर्ष टिकणारा नाही.

रंगीत शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागते. आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळामुद्रणाचा शोध लावला आणि १८३७ मध्ये गोदफ्रॉय एंगेलमान याने रंगीत शिळामुद्रणाचे पेटंट घेतले. एकच कागद यंत्राखालून अनेक वेळा जातो. साधारणतः फिकट रंग आधी व गडद रंग नंतर चढवले जातात. यांपैकी एक फेरी चुकली, शाई पातळ झाली किंवा कागद केसभर सरकला, तरी परिणाम डोळ्यांत भरतो. लाल शिळेची फेरी राहून गेली तर देवीचा चेहरा हिरवट-पिवळा दिसतो. म्हणजे रंगभेद ही या तंत्राची स्वाभाविक निष्पत्ती आहे. तिच्यात प्रत्येक वेळी हेतू शोधणे व्यर्थ होय.

या बाबतीत तिकीटसंग्राहक फार पुढे गेलेले आहेत. १८५४ मध्ये कलकत्त्याच्या सर्व्हेअर जनरलच्या कार्यालयात कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखाली टपाल तिकिटे शिळामुद्रणाने छापली गेली. अर्ध्या आण्याचे तिकीट प्रथम हिंगुळी रंगात छापले होते. तो रंग पुरेसा उपलब्ध न झाल्याने प्रत्यक्षात निळे तिकीट वापरात आले. चार आण्यांच्या तिकिटात लाल चौकट आणि निळे शिर दोन वेगळ्या फेऱ्यांत छापले जात. कागद उलटा ठेवला गेला आणि राणीचे शिर उलटे उमटले. येथे एक भेद पुरवठ्यातून व दुसरा कामगाराच्या हातून झाला, आणि दोहोंचे कारण सांगता येते. केवळ 'छटा वेगळी' एवढ्यावर तिकीटसंग्राहक थांबत नाहीत.

अमेरिकेतील बेसबॉल-कार्डांच्या संग्राहकांनीही हाच विवेक हळूहळू आत्मसात केला. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या पाकिटांतून वाटल्या गेलेल्या 'टी-२०६' या संचात एखादा रंग पूर्णपणे गळालेली कार्डे आढळतात. टॉप्स कंपनीच्या १९६२ च्या संचातील एका मालिकेची काही कार्डे हिरवट छटेची आहेत आणि त्यांपैकी काहींवर छायाचित्रही बदललेले आहे. छायाचित्र बदलले म्हणजे ती छपाई निश्चितपणे वेगळी होती. उन्हाने छायाचित्र बदलत नाही. रंगाला दुसऱ्या एखाद्या खुणेचा आधार मिळाला की तो पुरावा होतो, ही कसोटी आपल्याकडील सामग्रीलाही तंतोतंत लागू पडते.

महाराष्ट्रात पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ मध्ये सुरू झाला. राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस १८९४ मध्ये मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. (दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी काम केले होते.) रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले, पण त्यांची चित्रे पुढे कित्येक वर्षे छापली जात राहिली. त्यामुळे 'रविवर्म्याचा रंग' हा शब्दप्रयोग सैल आहे. मूळ तैलचित्राचा रंग, पहिल्या आवृत्तीचा रंग आणि पुढील आवृत्त्यांचा रंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा क्रम लावण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे चित्राखालच्या समासातील छापखान्याचे नाव व पत्ता. चौकटीत बसवताना नेमका तोच समास कापला गेला! १९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली. तेव्हापासून तर हा पुरावा जवळजवळ केवळ प्रतींमध्येच शोधावा लागतो.

छापखान्यातून बाहेर पडल्यावरही रंग बदलत राहतात, आणि वऱ्हाडात हा विचार अधिकच आवश्यक आहे. अकोल्याचा मे महिना सर्वश्रुत आहे. पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या प्रदेशात देवघराच्या भिंतीवर दोन-तीन पिढ्या टांगलेल्या चित्राने ऊन, समईची काजळी, चुलीचा धूर आणि पावसाळ्यातील ओल हे सारे सोसलेले असते. १८७० च्या दशकापासून वापरात आलेला इओसिनचा लाल रंग प्रकाशात झपाट्याने उडतो. क्रोम पिवळा काळवंडतो. प्रशियन निळा चुन्याच्या ओल्या भिंतीला टेकल्यास तपकिरी पडू शकतो. ओलिओग्राफवरील रोगण पिवळे पडले की त्याखालचा निळा रंग हिरवा दिसू लागतो. 'हिरव्या मोराची दुर्मिळ प्रत' अनेकदा एवढीच असते.

हे ओळखण्यास महागडे यंत्र लागत नाही. चौकटीच्या पट्टीखाली झाकला गेलेला काठ पाहावा; तेथे मूळ रंग शिल्लक असतो. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून शिळामुद्रणाचे हाताने दिलेले अनियमित ठिपके दिसतात. रंगाची फेरी खरोखर चुकली असेल तर झाकलेल्या काठावरही त्या रंगाचा ठिपका सापडत नाही. रंग उडाला असेल तर तेथे तो भेटतो. ठिपके नियमित जाळीत, फुलांसारख्या वर्तुळांत मांडलेले दिसले, तर ती प्रत चार रंगांच्या ऑफसेटवरील पुढचे पुनर्मुद्रण आहे, मग विक्रेता काहीही सांगो.

लेबलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबईला व तेथून मँचेस्टरला जाई आणि ताग्यांच्या रूपाने परत येई. त्या ताग्यांवर विलायतेत छापलेली देवदेवतांची, हत्ती-मोरांची रंगीत लेबले असत. पुढे देशी गिरण्यांनी ही प्रथा उचलली. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखत असे, त्यामुळे येथे रंग बदलण्यामागे व्यापारी हेतू असणे अगदी शक्य आहे. गंमत अशी की, व्यापारचिन्हांच्या १९९९ च्या कायद्याच्या कलम १० नुसार रंगाची मर्यादा न घालता नोंदवलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदवले गेले असे मानले जाते. कायद्याला जे एकच, ते संग्राहकाला दहा! यातला खरा निवाडा गिरणीच्या कागदपत्रांवरूनच होऊ शकतो. अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल या दोन्ही १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झाल्या. त्यांच्यासारख्या गिरण्यांचे नमुना-अल्बम व छपाईची बिले जिथे उरली असतील, तिथे ती लेबलांइतक्याच काळजीने जपली पाहिजेत.

या विषयावरील अभ्यास मोलाचा आहे, पण त्याची नजर वेगळीकडे आहे. पार्थ मित्तर यांनी १९९४ मध्ये कला व राष्ट्रवाद यांचे नाते मांडले, तर क्रिस्तोफर पिनी यांनी २००४ मध्ये मुद्रित देवप्रतिमांचे राजकारण उलगडले. एर्विन नॉयमायर व क्रिस्टीन शेलबर्गर यांनी २००३ च्या ग्रंथात रविवर्मा छापखान्याची चित्रे एकत्र आणली. यांत प्रतिमेचा अर्थ हा केंद्रस्थानी आहे; एकाच प्रतिमेच्या दोन प्रतींमधील अंतर हा त्यांचा मुख्य विषय नाही. अर्थनिर्णयासाठी सुबक अशी एक प्रत निवडली की काम भागते, हे गृहीतक मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. देवीच्या वस्त्राच्या रंगावरून सांकेतिक अर्थ काढताना तो रंग उडालेला तर नाही, हे आधी विचारावयास हवे.

महाविद्यालयीन ग्रंथालये व वस्तुसंग्रह यांच्यासाठी या विवेचनाचा व्यावहारिक अर्थ गैरसोयीचा आहे. जागेच्या अडचणीमुळे दुबार प्रत बाद करणे हा तेथील रूढ व्यवहार. ग्रंथांच्या बाबतीत तो क्षम्य असेल. शिळामुद्रित चित्रांच्या बाबतीत तो पुराव्याचा नाश आहे, कारण एकटी प्रत स्वतःच्या रंगाविषयी काहीच सांगू शकत नाही. डिजिटायझेशननेही हे नुकसान भरून येत नाही. स्कॅनरमधील रंगदुरुस्ती आपोआप चालू राहिली, तर उडालेला लाल आणि न छापलेला लाल पडद्यावर सारखेच दिसू लागतात. प्रतिमेशेजारी प्रमाणित रंगपट्टी ठेवणे, समास व मागील बाजू यांचेही छायाचित्र घेणे, मोजमाप मिलिमीटरमध्ये लिहिणे आणि प्रत कोणत्या गावातून, कोणत्या भिंतीवरून वा पेटीतून आली हे त्याच दिवशी नोंदवणे, एवढे काम एखादा पदव्युत्तर विद्यार्थीही करू शकतो. समास कापलेली, डागाळलेली, चौकटीतून निघालेली दुसरी प्रत त्याच पाकिटात पहिलीसोबत राहिली पाहिजे.