किल्ल्यात फिरणारे नाटक: सामग्री आहे, प्रयोग नाही

वेश चढवायचा, भूमिकेत शिरायचे आणि प्रेक्षकांना गल्लीबोळांतून हिंडवत गावाचा इतिहास सांगायचा, ही कला फ्रान्समध्ये चांगलीच रुजली आहे. आल्सास भागातल्या त्युर्कहाइम गावात उन्हाळ्यात रात्री दहाला कंदील, भाला आणि शिंग घेतलेला पहारेकरी गस्तीला निघतो. तो चौकाचौकांत गातो आणि पर्यटक त्याच्यामागून चालतात. तो राजा नाही की सेनापती नाही. फ्रान्सच्या सांस्कृतिक खात्याने 1985 पासून ‘कला आणि इतिहासाची नगरे’ असा दर्जा द्यायला सुरुवात केली. अशा नगरांत वारसा समजावून सांगायला प्रशिक्षित मार्गदर्शक लागतात. नटाच्या पाठीशी जाणकार असावा, याची ही तजवीज.

आपल्याकडे या कलेचे घटक तीन ठिकाणी विखुरले आहेत. पहिला घटक वारसा फेऱ्यांचा. मुंबईत ‘खाकी टूर्स’सारख्या उपक्रमांनी, पुण्यात आणि छत्रपती संभाजीनगरात अभ्यासकांनी शहर पायी दाखवण्याची सवय लावली. तिथे माहिती पक्की असते. पण सांगणारा बहुधा आजच्या कपड्यांत, आजच्या माणसाच्याच भूमिकेत बोलतो. दुसरा घटक महानाट्याचा. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’त हत्ती, घोडे आणि दोनशेहून अधिक कलाकार मैदानात उतरले आणि इतिहासाचे भव्य दृश्य लाखोंनी पाहिले. तिथे अभिनय आहे, पण खरा दगड नाही. बुरूज प्लायवूडचा असतो आणि प्रेक्षक लांब खुर्चीत बसलेला. तिसरा घटक लोककलावंतांचा. बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात येऊन हुकूम सोडतो, वाद घालतो, हसवतो. फिरत्या नाट्याचे याहून अस्सल शिक्षण कुठल्या नाट्यशाळेत मिळणार? पण त्याला किल्ल्यात कोणी बोलावत नाही.

हे तिन्ही घटक जवळ आले की काय होते, याची थोडी चुणूक आपल्याला मिळालेली आहे. दौलताबाद किल्ल्यातल्या अंधारी या काळोख्या भुयारी वाटेतून मशालीच्या उजेडात नेणारा वाटाड्या शत्रूची गत कशी व्हायची ते सांगू लागे, तेव्हा ऐकणाऱ्याचा हात आपोआप भिंतीकडे जाई. दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड ही वाट शेकडो लोक चिखलातून तुडवतात आणि 1660 मधली शिवाजी महाराजांच्या सुटकेची ती रात्र पायांनी समजून घेतात. नांदेडला दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत निळ्या-केशरी पोशाखातले शस्त्रधारी शीख रस्त्याने निघतात, तेव्हा शहरच रंगमंच होते. जागा, चाल आणि वेश एकत्र आले की वेगळ्या नेपथ्याची गरज उरत नाही.

याउलट अलीकडचे बरेच प्रयोग ड्रेपरीवाल्याच्या पेटीवर उभे असतात. भाड्याचा अंगरखा, चिकटवलेली दाढी, ध्वनिमुद्रित संवाद आणि शेवटी घोषणा. किल्ला कुठलाही असो, संहिता एकच. मराठवाड्यातल्या किल्ल्यांवर हा साचा तर मुळीच बसत नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचा भुईकोट पाहा. पाण्याने भरलेल्या रुंद खंदकाआड राष्ट्रकूट, तुघलक, बहमनी, निजामशाही, मुघल आणि आसफजाही अशा राजवटींचे थर आहेत. किल्ला ज्याच्या नावे सांगितला जातो तो राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण दहाव्या शतकातला. इथल्या शिलालेखात जगत्तुंग समुद्र या तलावाचा उल्लेख आहे. क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे भग्न अवशेष आजही थक्क करतात. निजामशाहीचे हे ठाणे 1631 मध्ये नसीरी खानाने वेढा घालून मुघलांसाठी जिंकले. पुढे 1948 पर्यंत इथे हैदराबादच्या निजामाचा अंमल होता. एवढा इतिहास एका नायकाच्या तोंडी घालता येणार नाही. इथे पाथरवट हवा, लेख कोरणारा हवा, वेढ्यात उपाशी राहिलेला शिबंदीतला शिपाई हवा. खंदकावरचा पखालजी दखनीत बोलला, तर कंधारच्या श्रोत्याला दुभाषा लागणार नाही.

यात धोका आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. नटाने रंगवलेली दंतकथा पुराव्याची जागा फार लवकर घेते. म्हणून संवाद कल्पित असावा, पण घटना आणि जागा मात्र पुराव्याबाहेरची नसावी; आणि फेरीच्या शेवटी नटाने टोपी उतरवून, काय खरे आणि काय रचलेले, हे स्पष्ट सांगावे. तटबंदीवर गर्दी चढवायची नाही, हेही ठरलेले असावे.

कलावंत शोधायला दूर जावे लागत नाही. शेजारच्या माळेगावला मार्गशीर्षातल्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळीपासून तमाशापर्यंतचे कलावंत जमतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे. युनेस्कोने जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत मराठवाड्यातला एकही नाही. त्या यादीचा निकष वेगळा होता, त्यामुळे रुसण्याचे कारण नाही. पण शासनाचा पैसा आणि पर्यटकांचे पाय आता तिकडे वळणार, हे उघड आहे. जिल्हा प्रशासन, पुरातत्त्व खाते आणि विद्यापीठ यांनी मोठ्या महोत्सवाच्या मांडवावर खर्च करण्याआधी एक अभ्यासक, चार कलावंत आणि तासाभराची संहिता एवढ्यावर कंधारमध्ये नियमित फेरी सुरू करून पाहावी. तिकीट लावावे, आणि त्यातून कलावंताला प्रत्येक फेरीचे मानधन वेळच्या वेळी द्यावे.