दौरा, साक्षी आणि कथन : रोलिंग स्टोन्सच्या अमेरिकी दौऱ्यांवरील कृतींचा विचार

फिरत्या कलावंतांचे जीवन हा मराठी वाचकाला अपरिचित विषय नाही. नाटक मंडळ्यांचे मुक्काम, बिऱ्हाडे आणि प्रयोग यांचे चित्रण नटांच्या आत्मचरित्रांतून झालेले आहे. चिंतामणराव कोल्हटकर यांचे ‘बहुरूपी’ हे त्याचे मान्यवर उदाहरण होय. तेथे सांगणारा मंडळीतलाच एक असतो आणि त्याचे ममत्व व त्याचे पूर्वग्रह वाचक गृहीत धरून चालतो. रॉक संगीताच्या दौऱ्यांविषयीच्या ज्या कृती टिकून राहिल्या, त्यांतील बऱ्याच कृती मात्र बाहेरून येऊन बरोबर निघालेल्या माणसाने घडविल्या आहेत. हा माणूस बँडचा सदस्य नसतो आणि तिकीट काढून आलेला श्रोताही नसतो. तो बँडच्या वाहनातून प्रवास करतो, त्यांच्या हॉटेलात उतरतो, त्यांच्या पंक्तीला जेवतो आणि नंतर त्यांच्याविषयी खरे सांगण्याची जबाबदारी स्वीकारतो. पाहुणचार आणि साक्ष यांचा हा विरोध या वाङ्मयाच्या मुळाशी आहे. कोणत्या कृतीने तो कसा हाताळला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या विचारासाठी रोलिंग स्टोन्स या इंग्रजी बँडचे १९६९ व १९७२ सालचे अमेरिकेतील दौरे विशेष सोयीचे ठरतात. या दोन दौऱ्यांबरोबर लेखक, छायाचित्रकार आणि चित्रपटकार हिंडले आणि त्यांच्या कृती परस्परांशी ताडून पाहण्यास उपलब्ध आहेत. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पहिल्या दौऱ्याचा शेवट एका तरुणाच्या हत्येत झाला. त्यामुळे साक्षीचा प्रश्न येथे निव्वळ वाङ्मयीन राहत नाही.

दौऱ्याच्या कथनाची एक मूलभूत अडचण प्रथम लक्षात घ्यावी लागते. प्रवासवर्णनात स्थळ बदलले की अनुभवही बदलतो. दौऱ्यात स्थळ रोज बदलते आणि अनुभव तोच राहतो. विमानतळ, हॉटेल, सभागृहामागची खोली, दीर्घ प्रतीक्षा, तासा-सव्वातासाचे वादन, पुन्हा हॉटेल. गाणी त्याच क्रमाने, दिवेही त्याच क्रमाने. श्रोत्याच्या दृष्टीने जी एकमेव संध्याकाळ असते, ती बँडच्या दृष्टीने अनेकांतील एक असते. बरोबर गेलेल्या साक्षीदाराला या दोन्ही दृष्टी ठाऊक असतात. त्याने पहिलीच धरली तर जाहिरात तयार होते, दुसरीच धरली तर कंटाळ्याची नोंदवही. यातून मार्ग काढताना तो जी रचना स्वीकारतो, तिच्यातून त्याची नैतिक भूमिकाही उघड होते.

स्टॅन्ली बूथ यांचे ‘द ट्रू ॲडव्हेंचर्स ऑफ द रोलिंग स्टोन्स’ हे पुस्तक १९६९च्या दौऱ्याविषयी आहे. ते प्रसिद्ध झाले १९८४ साली. घटना आणि ग्रंथ यांत पंधरा वर्षांचे अंतर पडले. बूथ यांनी दोन कथासूत्रे एकाआड एक प्रकरणांतून गुंफली आहेत. एक सूत्र बँडच्या आरंभापासून ब्रायन जोन्सच्या जुलै १९६९ मधील मृत्यूपर्यंत जाते, तर दुसरे त्याच वर्षीच्या शरदातील दौऱ्यापासून ६ डिसेंबरच्या आल्टमाँटपर्यंत. दोन्ही सूत्रे मृत्यूपाशी संपणार, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. त्यामुळे हॉटेलातल्या निरर्थक रात्री आणि विमानतळावरचे रेंगाळणे यांनाही भार प्राप्त होतो. पुनरावृत्तीच्या अडचणीवर बूथ यांनी शोधलेला हा उपाय आहे आणि तो विषयातूनच उगवलेला आहे.

त्याहून महत्त्वाची आहे ती निवेदकाची जागा. पुस्तक लिहिण्यासाठी बँडची संमती मिळविण्याची खटपट बूथ यांनी कथनातच घेतली आहे. साक्षीदार हा आश्रितही आहे, हे वाचकाला आरंभापासून दिसत राहते. दौऱ्यातील मादक द्रव्यांच्या सेवनापासूनही निवेदक अलिप्त नाही. आल्टमाँटच्या रात्री तो रंगमंचावर, वादकांच्या बाजूला असतो. समोरच्या गर्दीत नसतो. त्या जागेवरून जेवढे दिसू शकत होते तेवढेच तो सांगतो. तटस्थतेचा दावा न करता आपली जागा दाखवून देणे, ही या ग्रंथाची खरी सचोटी होय. पुस्तकाला लागलेला विलंबही या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो. दौरा ताजा असताना लिहिले गेले असते तर ते बँडच्या वैभवाचे वर्णन झाले असते. काळाच्या अंतराने त्यात शोकाचा स्वर आला.

आल्टमाँटची पार्श्वभूमी येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. या दौऱ्यातील तिकिटांच्या चढ्या दरांवर राल्फ ग्लीसन यांच्यासारख्या समीक्षकांनी टीका केली होती. दौऱ्याच्या अखेरीस कॅलिफोर्नियात विनामूल्य कार्यक्रम करण्याचे ठरले. स्थळ आयत्या वेळी बदलून आल्टमाँटच्या मोटार-शर्यतींच्या मैदानावर आले. आधीच्या जागी रंगमंच चढाच्या माथ्यावर येणार होता, म्हणून त्याची उंची कमी ठेवलेली होती. नव्या जागी तोच ठेंगणा रंगमंच लाखोंच्या गर्दीसमोर आला. त्याच्या रक्षणास हेल्स एंजल्स ही मोटारसायकलस्वारांची टोळी होती. बँड वाजवीत असताना मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला टोळीतील एकाने भोसकले. हंटरच्या हाती पिस्तूल होते. स्वसंरक्षणाचा बचाव मान्य होऊन आरोपी १९७१ साली निर्दोष सुटला. एका ठिकाणासाठी आखलेली व्यवस्था दुसऱ्या ठिकाणी तशीच नेऊन उभारणे, हा दौऱ्याचा नित्याचा व्यवहार असतो. त्या दिवशी त्या व्यवहाराचीच मर्यादा उघडी पडली.

अल्बर्ट व डेव्हिड मेझल्स आणि शार्लट झ्वेरिन यांचा ‘गिमी शेल्टर’ (१९७०) हा अनुबोधपट याच दौऱ्यावर आहे. हत्येचा क्षण त्यांच्या कॅमेऱ्यांपैकी एकाने टिपला आणि ते चित्रण खटल्यातही दाखविले गेले. पॉलीन केल यांनी ‘द न्यू यॉर्कर’मधील परीक्षणात या चित्रपटावर कठोर आक्षेप घेतला. चित्रपटासाठी घडविलेल्या प्रसंगाला निव्वळ वास्तव म्हणून सादर केले जात आहे, असा त्याचा आशय होता. चित्रपटकारांनी तो नाकारला. तथ्यांच्या पातळीवर आक्षेपात अतिशयोक्ती असली, तरी त्यामागचा प्रश्न आजही टाळता येत नाही : दौऱ्याबरोबर गेलेला कॅमेरा घटनेचा केवळ साक्षी असतो की तिचे एक कारणही असतो?

चित्रपटाने या प्रश्नाला दिलेले उत्तर त्याच्या संकलनात आहे. घटनाक्रम सरळ न मांडता तो संकलनाच्या मेजापासून उलगडतो. मिक जॅगर आणि चार्ली वॉट्स आपल्याच दौऱ्याचे चित्रण पाहत आहेत आणि प्रेक्षक त्यांना पाहत आहे, ही झ्वेरिन यांची कल्पना होती. तिच्यामुळे कार्यक्रमाचा उन्माद कोठेही निर्भेळ राहत नाही. प्रत्येक गाण्यामागे ते नंतर पाहणाऱ्यांची शांतता उभी राहते. वादक येथे आपल्याच रात्रीचे प्रेक्षक होतात. तरीही एक उणीव राहते. बँडला मेजासमोर बसविणारे चित्रपटकार स्वतःला त्या मेजासमोर पुरेसे बसवीत नाहीत. बूथ यांनी निवेदकाला जे प्रश्न विचारले, ते कॅमेऱ्याला येथे अंशतःच विचारले जातात.

१९७२चा दौरा ३ जून रोजी व्हँकुव्हर येथे सुरू होऊन २६ जुलै रोजी न्यू यॉर्कमध्ये संपला. आल्टमाँटच्या अनुभवानंतर दौऱ्याचे संघटन कडक झाले होते. रॉबर्ट ग्रीनफील्ड यांच्या ‘एस. टी. पी.’ (१९७४) या पुस्तकाचे शीर्षकच या संघटनाकडे निर्देश करते. ‘स्टोन्स टूरिंग पार्टी’ या नावाची ती आद्याक्षरे दौऱ्यातील प्रवेशपत्रांवर असत. कोणाला कोणत्या दारातून आत सोडावयाचे, यावर या फिरत्या समाजाची उतरंड उभी होती. ग्रीनफील्ड यांची नजर व्यवस्थापक, सुरक्षारक्षक आणि पाहुणे यांच्यावरही जाते, हे या पुस्तकाचे बलस्थान होय. मॉन्ट्रिअलमध्ये सामानाच्या वाहनाखाली झालेला स्फोट किंवा अटकेमुळे बॉस्टनचा लांबलेला कार्यक्रम, असे प्रसंग संगीताइतकेच वाहतूक आणि वेळापत्रक यांनी दौरा घडतो, याची जाणीव देतात. याच दौऱ्यावर ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने ट्रूमन कपोटी यांना पाठविले होते. त्यांनी तो लेख लिहिलाच नाही. बरोबर गेलेल्या साक्षीदाराने दिलेला नकार, हाही या विषयातील एक पाठ मानावयास हवा.

छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी याच दौऱ्यावर केलेला चित्रपट बँडच्या आक्षेपामुळे सर्वत्र प्रदर्शित होऊ शकला नाही. दीर्घकाळ तो दिग्दर्शकाच्या उपस्थितीच्या अटीवर क्वचितच दाखविला जाई. फ्रँक यांचे २०१९ साली निधन झाले. चित्रण करताना कॅमेरे बँडच्या वर्तुळातील कोणीही उचलावेत, अशी मोकळीक होती. परिणामी कंटाळा, व्यसने आणि हॉटेलातील रिकामपण यांचे इतके निर्विकार दर्शन अन्यत्र आढळत नाही. वैभवाची प्रतिमा मोडण्याचे काम हा चित्रपट पूर्णपणे करतो. मात्र कॅमेरा सर्वांच्या हाती देण्यात एक पळवाटही आहे. जेथे पाहणारा कोण हे ठरत नाही, तेथे पाहण्याची जबाबदारीही कोणाकडेच राहत नाही. काही दृश्यांतील स्त्रियांची विटंबना पाहताना हा प्रश्न तीव्रतेने जाणवतो.

या साऱ्या अनुभवाचे पुढे कथात्म रूपांतरही झाले. कॅमेरॉन क्रो यांनी किशोरवयात, १९७३ साली, ऑलमन ब्रदर्स बँडबरोबर ‘रोलिंग स्टोन’साठी प्रवास केला होता. त्यांच्या ‘ऑलमोस्ट फेमस’ (२०००) या चित्रपटात पंधरा वर्षांचा वार्ताहर एका काल्पनिक बँडबरोबर निघतो. वादकांशी मैत्री करू नये, असा इशारा त्याला ज्येष्ठ समीक्षकाकडून आधीच मिळालेला असतो. तो ती करतोच. पाहुणचार आणि साक्ष यांचा विरोध येथे कथानकाचा कणाच आहे. बँड त्याच्या लेखातील सत्य नाकारतो आणि अखेर त्यातील एक जण ते मान्य करतो. परंतु या समेटामुळे विरोध सुटल्याचा आभास निर्माण होतो. पेनी लेन या तरुणीला पन्नास डॉलर आणि बिअरच्या खोक्याच्या मोबदल्यात दुसऱ्या बँडकडे सोपविले जाते, हा चित्रपटातील सर्वांत कठोर क्षण आहे. नंतरचा गोडवा त्याची धार बोथट करतो. पामेला दे बार्स यांचे ‘आय ॲम विथ द बँड’ (१९८७) हे आत्मकथन शेजारी ठेवले म्हणजे फरक स्पष्ट होतो. दौऱ्याच्या कथांत जिला केवळ शोभेचे स्थान मिळते, ती स्त्री तेथे स्वतः निवेदक होते आणि आपल्या इच्छा, आनंद व अपेक्षाभंग यांची मालकी घेते.

येथवर विचारात घेतलेल्या बहुतेक कृतींत एक समान न्यूनता आढळते. साक्षीदार ज्यांच्याजवळ बसतो, त्यांनाच तो पाहतो. दौरा उभा राहतो तो सामान उतरविणाऱ्या, तारा जोडणाऱ्या, रात्री वाहन चालविणाऱ्या माणसांच्या श्रमावर. इयन स्टुअर्ट हे या बँडच्या संस्थापकांपैकी एक पियानोवादक. १९६३ साली प्रतिमेच्या कारणावरून त्यांना अधिकृत सदस्यत्वातून वगळण्यात आले. १९८५ मध्ये निधन होईपर्यंत ते बँडची वाहने, वाद्ये आणि व्यवस्था सांभाळीत राहिले व पियानोही वाजवीत राहिले. संगीत आणि श्रम यांच्यामधली रेषा किती कृत्रिम आहे, हे या एका जीवनातून दिसते. बूथ यांना ते जाणवलेले आहे. इतरांच्या कृतींत ही माणसे बव्हंशी चौकटीच्या कडेला राहतात. जॅक्सन ब्राउन यांनी १९७७ च्या ‘रनिंग ऑन एम्प्टी’ या ध्वनिमुद्रिकेत मंच, हॉटेलच्या खोल्या आणि प्रवासी बस येथे ध्वनिमुद्रण केले आणि सामान आवरणाऱ्या कामगारांना एक गीतच दिले. लिखित कथनांना क्वचित साधलेली ही गोष्ट आहे.

कडेला राहिलेल्यांत सर्वांत दूर राहिला तो मेरेडिथ हंटर. ‘गिमी शेल्टर’मध्ये तो काही क्षणांची प्रतिमा आहे, आल्टमाँटविषयीच्या असंख्य लेखांत तो एका दशकाच्या अंताचे प्रतीक आहे. प्रतीक होण्यापूर्वी तो एक माणूस होता, याकडे सॅम ग्रीन यांच्या ‘लॉट ६३, ग्रेव्ह सी’ (२००६) या लघुपटाने लक्ष वेधले. त्याचे शीर्षक म्हणजे व्हॅलेहो येथील दफनभूमीतील हंटरच्या जागेचा क्रमांक आहे. त्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. लघुपटानंतर देणग्यांतून तो बसविण्यात आला. हा लघुपट कोणत्याही बँडबरोबर हिंडलेला नाही. दौरा पुढे निघून गेल्यावर मागे काय उरले, हे पाहण्यासाठी कोणीतरी त्या जागी थांबणे आवश्यक होते.

दौऱ्याच्या कथनाचे मोल त्यातील गुपितांवर किंवा वैभवाच्या वर्णनावर ठरत नाही. साक्षीदार कोठे उभा होता, कोणाच्या कृपेने उभा होता आणि तेथून त्याला काय दिसू शकत नव्हते, हे ती कृती किती प्रांजळपणे सांगते, यावर ते ठरते. या निकषावर बूथ यांचा ग्रंथ सर्वांत उजवा ठरतो; ‘गिमी शेल्टर’ त्याच्या निकट येतो, तर फ्रँक यांचा चित्रपट धाडसी असूनही उत्तरदायित्वाशी अडखळतो. ग्रीन यांच्या लघुपटाने मात्र या निकषालाच एक पुरवणी जोडली आहे. बरोबर हिंडणाऱ्याच्या साक्षीला मागे थांबणाऱ्याच्या साक्षीची जोड मिळाल्याखेरीज दौऱ्याची हकीकत पूर्ण होत नाही.