वजनाचा काटा आणि वाढीचा तक्ता : एसएमएवरचे तीन पेपर वाचताना

पीएचडीची पेट झाली, आता सिनॉप्सिसला विषय शोधताय? मग आज एक विषय घेऊ आणि त्यावरचे पेपर कसे तपासायचे ते बघू. विषय आहे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजेच एसएमए असलेल्या मुलांचं पोषण आणि वाढ. आजार दुर्मीळ आहे, साधारण दहा हजार जन्मांमागे एक. पण यातला पद्धतीचा प्रश्न तुमच्या कुठल्याही विषयात उभा राहील. प्रश्न असा : आपण मोजतो एक, आणि समजतो दुसरंच.

आजार थोडक्यात. पाचव्या गुणसूत्रावरचं एसएमएन1 हे जनुक बिघडलेलं असतं. हे 1995 मध्ये कळलं. त्यामुळे मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरतात आणि स्नायू वाळत जातात. टाइप 1 मध्ये लक्षणं सहा महिन्यांच्या आत दिसतात आणि उपचाराशिवाय मूल कधी बसू शकत नाही. टाइप 2 चं मूल बसतं, पण चालत नाही. टाइप 3 चं चालतं. पुढचं सगळं वाचताना एवढं डोक्यात ठेवा की या मुलांच्या अंगात स्नायूच कमी आहेत.

आता सोनगीरच्या अंगणवाडीत या. सेविकाताई मुलाचं वजन करतात, उंची घेतात, दंडाला पट्टी लावतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की ते सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. यामागे जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे वाढीचे मानक आहेत. ते सहा देशांतल्या निरोगी, आईचं दूध मिळालेल्या मुलांवरून केले आणि त्यात दिल्लीची मुलंही होती. पाच वर्षांनंतर इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे 2015 चे तक्ते आहेत, त्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांच्या गटाचं काम मोठं आहे. दोन्ही साधनं चांगली आहेत. पण दोन्हींचं एक गृहीतक आहे : वजन म्हणजे हाड, स्नायू आणि चरबी, आणि तेही नेहमीच्या प्रमाणात. एसएमएमध्ये हे प्रमाणच मोडतं. दंड बारीक भरला तो उपासमारीने की स्नायू वाळल्याने, हे पट्टी सांगत नाही. सोनगीरला पितळेचं भांडं घेताना काटा वजन सांगतो, त्यात तांबं किती आणि जस्त किती हे सांगत नाही. तसंच हे.

पेपर पहिला. 2009 मध्ये न्यूरोमस्क्युलर डिसऑर्डर्स या नियतकालिकात स्प्राउल आणि सहकाऱ्यांनी डेक्सा यंत्राने एसएमए रुग्णांच्या शरीरातली चरबी मोजली. निष्कर्ष शीर्षकातच आहे : बीएमआय कमी, तरी चरबी जास्त. हा पेपर मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने साधनावरच बोट ठेवलं. काट्यावर हडकुळं दिसणारं मूल आतून स्थूल असू शकतं. अशा मुलाला ‘अंगावर मांस नाही’ म्हणून तूप-साखर वाढवली, तर चरबी वाढेल, स्नायू नाही. आणि तो भार आधीच अशक्त पाठीवर आणि श्वासावर पडेल.

टीका कुठे करायची? एक, रुग्णसंख्या लहान. दुर्मीळ आजारात हे चालवून घ्यावं लागतं, पण निष्कर्ष सगळ्यांना लावण्याआधी थांबायचं. दोन, ‘चरबी जास्त’ कुणाच्या तुलनेत? ज्यांचे स्नायू शाबूत आहेत त्यांच्या. चरबीची टक्केवारी काढताना छेदात स्नायूही असतात. स्नायू घटले की टक्का आपोआप चढतो, चरबी ग्रॅमभरही वाढली नसली तरी. म्हणून टक्का आणि उंचीच्या हिशेबात चरबीचं वजन, हे दोन आकडे वेगळे वाचायचे.

पेपर दुसरा. 2021 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी टाइप 1 आणि टाइप 2 च्या मुलांसाठी वाढीचे खास आलेख मांडले. काम कष्टाचं आहे. ही मुलं उभी राहत नाहीत, पाठीला बाक असतो, त्यामुळे साधी उंची घेणंही अवघड. पण इथे एक फरक वहीत लिहून ठेवा. 2006 चे मानक सांगतात की मूल कसं वाढायला हवं. आजाराचा खास आलेख सांगतो की अशी मुलं कशी वाढली. ज्यांना नीट गिळता येत नव्हतं, त्यांचंही वजन त्याच सरासरीत आहे. मग ‘तुमचं बाळ मधल्या रेषेवर आहे’ म्हणजे पोषण चांगलं आहे, की इतर आजारी मुलांइतकंच कमी आहे? आलेख वर्णन करतो, आपण त्याला ध्येय समजून बसतो. आणि असा कुठलाही आलेख हातात आला की विचारा : यातली मुलं औषधं येण्याआधीची की नंतरची? नुसिनर्सेन 2016 ला आलं, जनुकीय उपचार 2019 ला, रिस्डिप्लाम 2020 ला. उपचार घेतलेलं टाइप 1 चं मूल आता बसू शकतं. जुनी रेषा त्याला कशी लागू पडणार?

पेपर तिसरा. 2018 ची आंतरराष्ट्रीय उपचारसंहिता. ती म्हणते, गिळणं तपासा, गरज पडली तर पोटात नळी घालायला उशीर करू नका, आजारपणात मुलाला फार वेळ उपाशी ठेवू नका, शरीरघटक मोजा. सल्ला रास्त आहे. पण यातलं बरंच तज्ज्ञांच्या एकमतावर उभं आहे, चाचण्यांवर नाही. एकमत हाही पुरावाच, पण खालच्या पायरीचा. शिवाय संहितेला आहारतज्ज्ञ, गिळण्याची एक्स-रे तपासणी आणि डेक्सा हाताशी हवेत. धुळे-जळगावच्या खेड्यातून दुर्मीळ आजारांच्या केंद्रापर्यंत, म्हणजे मुंबईच्या केईएमपर्यंत, मूल न्यायचं तर घरातली दोन माणसं कामावरून सुटतात.

हा वाद नुसता पुस्तकी नाही. दोन वर्षांवरच्या मुलाला रिस्डिप्लाम किलोमागे 0.25 मिलिग्रॅम देतात, 20 किलोनंतर डोस 5 मिलिग्रॅमवर थांबतो. म्हणजे काट्यावर वाढलेला किलो चरबीचा असो की स्नायूचा, औषध त्यावर ठरतं आणि खर्चही. सरकारच्या दुर्मीळ आजार धोरणात मदतीची मर्यादा 50 लाख रुपये आहे. तिथे प्रत्येक किलोचा हिशेब लागतो.

मग तुमचा प्रश्न काय असावा? ‘एसएमए बालकांच्या पोषणस्थितीचा अभ्यास’ असलं ढोबळ शीर्षक नको. अरुंद करा. उंचीऐवजी कोपर ते मनगटाचं हाड मोजून लांबीचा अंदाज घेता येतो का? दंडाच्या घेराबरोबर त्वचेच्या घडीची जाडी घेतली, तर पट्टीचा निर्णय किती वेळा बदलतो? यांना महाग यंत्र लागत नाही, टेप आणि कॅलिपर पुरतो.

आणखी एक. आहाराची नोंद घेताना ‘काय खाल्लं’ एवढंच विचारू नका, ‘किती वेळ लागला’ तेही विचारा. आपल्याकडची भाकरी चावायला जबड्याला जोर लागतो. टाइप 2 चं मूल अर्ध्या भाकरीत दमतं, ताट सरकवतं, आणि घरचे म्हणतात, पोट भरलं. किंवा म्हणतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. खरं तर ते खाल्लेलंच नसतं. तीच भाकरी दुधात कुस्करून दिली तर किती पोटात जातं, घासागणिक खोकला येतो का, हे नोंदवलंत तर एका आईला उद्यापासून उपयोगी पडेल असं काहीतरी तुमच्या प्रबंधात असेल. गाईडकडे जाताना आधी हे लिहून न्या : मी काय मोजणार, ते नेमकं कशाचं माप आहे, आणि तुलना कुणाशी.