मेंढपाळाचा कुलवृत्तांत

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत माझ्या टेबलावर आहे. ग्रंथ जाडजूड. मूळपुरुष, शाखा, पोटशाखा, कोण कोठे स्थायिक झाला, कोणाला किती मुलगे, सारे नीट मांडलेले. माझी आजी मात्र त्यात एका सासरच्या नावापुरती आहे. लग्नात बदललेल्या त्या नावामागे कोणती मुलगी होती हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. ॲलिस मन्रो यांचे ‘द व्ह्यू फ्रॉम कॅसल रॉक’ (२००६) मी हाती घेतले ते ही रुखरुख मनात ठेवूनच. तेव्हा माझे वाचन अगदी निःपक्षपाती आहे, असा दावा मी करणार नाही.

मन्रो कॅनडाच्या. २०१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, २०२४ मध्ये त्या वारल्या. त्यांचे वडिलांकडचे पूर्वज, लेडलॉ, हे दक्षिण स्कॉटलंडमधल्या एट्रिक खोऱ्यातले मेंढपाळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथल्या धर्मोपदेशकाने आपल्या परगण्याचे जे वर्णन लिहून दिले, त्याचा मथितार्थ असा की, या जागेला कसलीच अनुकूलता नाही. १८१८ मध्ये म्हातारा जेम्स लेडलॉ मुलगे, मुलगी, सून आणि नातू यांच्यासह लीथ बंदरातून क्वेबेककडे निघाला. पुस्तकाच्या पहिल्या भागाचा कणा हाच.

सामान्य माणसाचा माग काढायला स्कॉटलंडइतका सोयीचा देश थोडाच असेल. १८५५ पासून तेथे जन्ममृत्यूची सक्तीची सरकारी नोंद आहे. मृत्यूच्या नोंदीत बापाबरोबर आईचेही नाव, तेही माहेरच्या आडनावासह! पहिल्या वर्षी तर इतके तपशील विचारले की ते पुढे झेपेनात आणि १८५६ पासून कमी करावे लागले. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चच्या वह्या. त्यांत बाप्तिस्मा आणि विवाह. दफनाची नोंद असलीच तर नशीब. शिवाय चर्चच्या पंचांची इतिवृत्ते. लग्नावाचून दिवस गेलेल्या मोलकरणीला पंचांपुढे उभे करून जे विचारले, तिने जे सांगितले, ते तेथे लिहिलेले सापडते. सरळमार्गी शेजारणीचे मात्र दोन ओळींत आटोपते. बदनामीने का होईना, एकीचा आवाज उरला. दुसरीचा अब्रूबरोबर गेला.

मन्रो यांना या सक्तीच्या नोंदींचा उपयोग नव्हता, कारण लेडलॉ मंडळी त्याआधी सदतीस वर्षे देश सोडून गेलेली. त्यांच्या हाती होती घरातली पत्रे आणि जेम्सचा मुलगा वॉल्टर याने जहाजावर लिहिलेली रोजनिशी. येथे एक आक्षेप नोंदवतो. हे कुळ म्हणावे तितके सामान्य नाही. कवी जेम्स हॉग याची आई मार्गरेट याच लेडलॉंपैकी. वॉल्टर स्कॉटला तिने जुने पोवाडे म्हणून दाखवले, आणि ते छापलेले पाहून, ही गाण्याची चीज तुम्ही वाचण्याची करून बिघडवलीत, असे त्याला सुनावले म्हणतात. पिढीत एक तरी लिहिणारा निघावा, हे भाग्य किती मेंढपाळांचे? लेडलॉंच्या शेजारच्या झोपडीतला माणूस या पद्धतीने कधीच सापडणार नाही.

तरीही शीर्षककथा मला मोठी वाटते. कारण वॉल्टरची रोजनिशी जेथे गप्प आहे तेथेच लेखिका रमली आहे. जहाजावर बाळंत होणारी सून ॲग्नेस, आणि भाच्याला कडेवर घेऊन फिरणारी अविवाहित मेरी. पुरुष प्रवासाचे बोलतात. या दोघी प्रवास अंगावर काढतात. ॲग्नेसच्या वेणांचे वर्णन वाचताना मी कुलवृत्तांताकडे एकदा पाहिले आणि नजर वळवली.

पण हे खरे कशावरून? मन्रो लपवाछपवी करत नाहीत. रोजनिशी आणि पत्रे सोडता बाकीचे आपण रचले, असे त्या कथेच्या शेवटी सांगून टाकतात. एडिंबरोच्या किल्ल्याच्या खडकावरून बापाने मुलाला ‘ती बघ अमेरिका’ म्हणून पलीकडचा फाइफचा किनारा दाखवला, हा प्रसंग हॉगने सांगितलेला. तेव्हा तो खराच असणार, असे त्या म्हणतात. या म्हणण्यातली मिस्किली नजरेतून सुटू नये, कारण कवीची साक्ष आणि वंशावळीची साक्ष यांत आपण समजतो तेवढे अंतर नाही. आपल्याकडचे मूळपुरुष तरी कोणी पाहिले आहेत?

पुस्तकाचा दुसरा भाग लेखिकेच्या स्वतःच्या आयुष्याजवळचा. तो चांगला आहे, पण तेथे शोधाची धडपड नाही आणि माझे मन पुन्हा पुन्हा जहाजाकडेच जात राहिले.

कथा संपते कॅनडातल्या एका दफनभूमीत. मेरीच्या कडेवरचा तो छोटा जेम्स क्वेबेकला उतरल्यावर महिन्याच्या आत गेला. थडग्याच्या शिळेवर त्याचे नाव आहे. पण घरच्यांनी ही जागा तेव्हा पाहिलीही नव्हती. म्हणजे नाव येथे आणि मूल वाटेत कोठेतरी. मन्रो हे चार ओळींत सांगतात, आवाज न चढवता. माझ्या आजीच्या बाबतीत उलटे झाले आहे. तिला कोठे पोचवले ते मला ठाऊक आहे. मी स्वतः बरोबर गेलो होतो.