लफेव्र म्हणजे लोहार: पण कुठला, कधीचा आणि कुणाचा?

आज आपण एका फ्रेंच आडनावाबद्दल बोलणार आहोत. आडनाव आहे लफेव्र. समाजशास्त्र किंवा नगररचना शिकणाऱ्यांच्या कानावर ते आँरी लफेव्र (1901–1991) या विचारवंतामुळे पडलेलं असतं. आडनावांची माहिती देणाऱ्या पुस्तकांत या नावापुढे साधारण तीन गोष्टी सापडतात. मूळ लॅटिन, अर्थ लोहार, आणि लोकप्रियता भरपूर. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमची तक्रार त्यांच्या मांडणीबद्दल आहे. तीन ओळींत माणसाचं मूळ कळलं असं वाचणाऱ्याला वाटतं, आणि तिथेच फसगत होते. म्हणून या तिन्ही ओळी आपण एकेक करून तपासू.

पहिली ओळ, मूळ. लॅटिनमध्ये 'फाबेर' म्हणजे कारागीर, विशेषतः धातूसारख्या कठीण वस्तूवर काम करणारा. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये 'फेव्र' झालं. त्याआधी 'ल' हे उपपद लागलं, की झालं 'ल फेव्र', म्हणजे गावातला 'तो' लोहार. पुढे बोलीभाषेतून फेव्र हा शब्द गेला. आजचा फ्रेंच माणूस लोहाराला 'फोर्जरों' म्हणतो. जुना शब्द उरला तो आडनावात आणि 'ऑर्फेव्र' या शब्दात. ऑर्फेव्र म्हणजे सोनार.

आता गंमत बघा. रोमन लिपीत हे नाव लिहिताना मध्ये 'बी' हे अक्षर येतं, पण त्याचा उच्चार होत नाही. मग ते आलं कुठून? लेखनिकांनी घातलं. शब्द फाबेरपासून आला आहे, हे शिकलेल्या मंडळींना दाखवायचं होतं. शिवाय त्या काळी 'यू' आणि 'व्ही' एकसारखेच लिहीत. आधी 'बी' घातला की पुढचं अक्षर व्यंजन आहे हे कळायचं. तरीही काही ठिकाणी ते स्वर म्हणूनच वाचलं गेलं, आणि 'लफेब्यूर' हे वेगळंच आडनाव तयार झालं. म्हणजे कोशात ज्याला आपण 'मूळ' म्हणतो, त्यात लोहाराच्या भात्याइतकाच कारकुनाच्या बोरूचाही वाटा आहे.

आणि हे झालं फक्त उत्तरेचं. दक्षिणेकडे ऑक्सितान भाषेत त्याच लॅटिन शब्दाचं फाब्र आणि फोर झालं. कीटकांवर आयुष्यभर लिहिणारे जाँ-आँरी फाब्र (1823–1915) हे दक्षिणेचे. पूर्वेकडे, साव्वा प्रांतात आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागात, फाव्र. ब्रिटनीत तर भाषाच वेगळी, तिथे लोहाराला 'गॉफ' म्हणतात, म्हणून आडनाव ल गॉफ. इतिहासाच्या अभ्यासकांना ल्यूसियाँ फेव्र (1878–1956) आणि जाक ल गॉफ (1924–2014) ही दोन्ही नावं माहीत असतात. दोघेही 'आनाल' या इतिहासलेखनाच्या परंपरेतले. दोघांच्या आडनावांचा अर्थ एकच, हे मात्र सहसा लक्षात येत नाही.

एकाच माणसाला दोन रूपं चिकटल्याचं उदाहरण आपल्या ओळखीच्या इतिहासातही आहे. गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत ते फ्रान्सिस झेवियर पॅरिसला शिकत असताना त्यांच्या खोलीत प्येर फाव्र नावाचा साव्वाचा विद्यार्थी राहत असे. पुढे दोघेही जेझुइट संघाच्या पहिल्या सोबत्यांत होते. हे फाव्र (1506–1546) लॅटिन कागदपत्रांत 'फाबेर' म्हणून येतात. गावात फाव्र, ग्रंथात फाबेर. माणूस तोच.

दुसरी ओळ, अर्थ. 'लफेव्र म्हणजे लोहार' हे वाक्य मराठीत म्हटलं की आपल्या मनात काय येतं? नुसता धंदा येत नाही, जातही येते. कारण आपल्याकडे लोहार हे आडनाव आहे, व्यवसाय आहे आणि जातीचं नावही आहे. फ्रान्समध्ये तसं नव्हतं. मध्ययुगात, साधारण अकराव्या ते तेराव्या शतकाच्या दरम्यान, टोपणनावं वंशपरंपरेनं चालू लागली. लोहाराचा मुलगा पुढे विणकर झाला, नातू शेतकरी झाला, तरी नाव लफेव्रच राहिलं. त्यावरून त्याचं लग्न कुणाशी व्हावं, पंगतीत त्यानं कुठे बसावं, हे ठरत नव्हतं. भाषांतर अचूक आहे, पण त्याच्यासोबत आपली समाजरचना नकळत तिकडे जाते. तेवढी ती वेगळी काढावी लागते.

'तुमचे पूर्वज लोहार होते' असंही सर्रास लिहिलं जातं. जरा हिशेब करू. दहा पिढ्या मागे गेलं तर वंशवृक्षात पूर्वजांच्या 1024 जागा होतात. आडनाव त्यांतल्या एका जागेवरून येतं, बापाच्या बापाच्या बापाकडून. उरलेल्या 1023 जागांबद्दल, म्हणजे सगळ्या आज्या-पणज्यांबद्दल, ते काहीच सांगत नाही. आणि सगळे लफेव्र एका लोहाराचे वंशज आहेत असंही नाही. शेकडो गावांत शेकडो लोहार होते.

तिसरी ओळ, लोकप्रियता. हा शब्दच आम्हाला खटकतो. मुलाचं नाव लोकप्रिय असू शकतं, कारण ते कुणीतरी आवडीनं ठेवलेलं असतं. आडनाव कोण निवडतं? 1539 मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा यानं बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम काढला. 1794 मध्ये क्रांतीच्या सरकारनं कायदा केला, की जन्मनोंदीतल्या नावाखेरीज दुसरं नाव लावायचं नाही. मग यात लोकांची पसंती कुठे आली? याला 'प्रचलित' म्हणावं, 'संख्येनं जास्त' म्हणावं.

ही संख्या वाढली तरी कशी? त्या काळी बहुतेक माणसं शेतकरी होती. मग शेतकरी अशा अर्थाची आडनावं सर्वांत जास्त का नाहीत? कारण सगळं गाव शेती करत असताना 'शेतकरी प्येर' म्हणून कोणता प्येर ते कळणार नाही. लोहार गावात एखादाच. 'लोहार प्येर' म्हटलं की ओळख पटली. प्रत्येक गावात एकटा म्हणून देशभर पुष्कळ, असा हा उलटा न्याय आहे.

आता क्रमवारी बघू. फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेनं, म्हणजे 'इन्से'नं, 1891 नंतर जन्मलेल्यांची आडनावं मोजली आहेत. पहिला येतो मार्तां. कारण तूरचे संत मार्तां (मृत्यू 397) देशभर पुजले गेले, त्यांच्या नावाची 200 हून अधिक गावं आहेत, आणि उत्तर असो की दक्षिण, या नावाचं रूप फारसं बदलत नाही. लफेव्र पहिल्या वीसांत येतो. पण यादी मोजते ती स्पेलिंग. 'बी' असलेला लफेव्र एक, 'बी' नसलेला लफेव्र दुसरा. मग फाब्र, फोर, फाव्र, ल गॉफ, सगळे वेगवेगळे. एकाच अर्थाचा माणूस दहा ओळींत वाटला जातो आणि संत मार्तां एका ओळीत अखंड राहतात. इंग्लंडमध्ये स्मिथ पहिला येतो, फ्रान्समध्ये लोहार मागे पडतो. तेवढ्यावरून फ्रान्समध्ये लोहार कमी होते असं कुणी म्हटलं, तर तो निष्कर्ष स्पेलिंगनं काढलेला असेल, इतिहासानं नव्हे. देवनागरीत मोजणी केली तर दोन्ही लफेव्र एक होतील आणि क्रम लगेच वर सरकेल. लिपी बदलली की 'लोकप्रियता' बदलते. असा आकडा किती मनावर घ्यायचा, ते तुम्हीच ठरवा.

आता कायदाही सैल झाला आहे. 2005 पासून आईवडील मुलाला आईचं आडनाव देऊ शकतात. जुलै 2022 पासून सज्ञान व्यक्ती साध्या अर्जावर आईचं किंवा वडिलांचं आडनाव घेऊ शकते. म्हणजे आडनावात निवड आत्ता कुठे शिरते आहे. लोकप्रियता हा शब्द कदाचित पुढच्या पिढीला लागू पडेल, मागच्या आठशे वर्षांना नाही.

तेव्हा अशी माहिती वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत, असं आम्हाला वाटतं. हे रूप कुठल्या भागातलं आणि ते कुणी लिहिलं? हा अर्थ कुठल्या शतकातला? आणि मोजणी कशाची केली, माणसांची की अक्षरांची? 'लफेव्र म्हणजे लोहार' हे वाक्य शब्दाबद्दल खरं आहे. समोर बसलेल्या लफेव्रबद्दल काही जाणून घ्यायचं असेल, तर त्यालाच विचारायला हवं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.