शून्य दोषांचा दाखला

दर हजार ओळींमागे किती दोष सापडले, यावरून सॉफ्टवेअरचा दर्जा ठरवण्याची रीत मला अपुरी वाटते. युरोपच्या एरियन-५ अग्निबाणाचेच पाहा. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत एरियन-४ वर बिनतक्रार चाललेला कोड वापरला होता. ४ जून १९९६ रोजी नव्या अग्निबाणाचा क्षितिजसमांतर वेग जुन्यापेक्षा बराच जास्त निघाला. त्यावरून काढलेली ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावेना. उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. दोष आधीपासून होताच; तो उघडा पाडणारी परिस्थिती तेवढी आली नव्हती. म्हणजे दोषांचा आकडा कोडइतकाच तपासणीबद्दलही बोलतो. अहवालात ‘शून्य दोष’ लिहून मीही कधीकाळी निश्चिंत झालो आहे. आता ‘कोणत्या परिस्थितीत तपासले?’ याचे उत्तर सोबत असल्याशिवाय मी सही करत नाही.